सोबतीचा पगार

दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांमध्ये २००० च्या सुमारास घराच्या फळीवर दुधाच्या पावडरीचा डबा दिसला, की शेजारणींना वेगळं काही विचारावं लागत नसे. धडधाकट बाई तान्ह्याला अंगावर न पाजता डब्याचं दूध देते, याचा अर्थ एकच. त्या काळात एचआयव्ही असलेल्या आईला दवाखान्यातून वरच्या दुधाची वाट दाखवली जाई, कारण विषाणू अंगावरच्या दुधातून बाळाकडे जातो. डबा सरकारी दवाखान्यात फुकट मिळे. पण तो घरी नेणं म्हणजे वस्तीत दवंडी पिटण्यासारखंच. म्हणून कोणी डबा कपड्यांखाली लपवी, कोणी पावडर दुसऱ्या बरणीत ओतून ठेवी. कोणी सासूसमोर बाळाला पदराखाली घेई आणि सासू बाहेर पडली की बाटली देई. असं थोडं अंगावरचं, थोडं वरचं पाजणंच बाळाला सगळ्यांत धोक्याचं असतं. बोट्स्वानात २००६ च्या सुरुवातीला अतिवृष्टीनंतर पाणी दूषित होऊन अतिसाराची साथ आली, तेव्हा वरचं दूध पिणारी बाळंच मोठ्या संख्येनं दगावली. पुढे २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सल्ला बदलला: औषधं चालू ठेवा आणि अंगावरच पाजा. आधीचा नियम करणाऱ्यांनी विषाणूचा हिशेब चोख मांडला होता, सासूचा मांडायचा राहिला होता.

अशा पेचातल्या बाईला खरोखर कामी येईल असा सल्ला देऊ शकणारं माणूस एकच, याच पेचातून आधी गेलेली दुसरी बाई. नवऱ्याला कधी सांगायचं, गोळ्यांची बाटली कुठे ठेवायची, तारखेच्या दिवशी घरातून काय निमित्त काढून निघायचं, हे डॉक्टरांच्या पुस्तकात नसतं. आफ्रिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांना आधार कुठून मिळाला हे गेल्या चाळीस वर्षांच्या नोंदींत शोधू लागलं, की पहिलं उत्तर हेच सापडतं. आधार बायकांनीच उभा केला, एकमेकींसाठी. दुसरी गोष्टही तितक्याच ठळकपणे दिसते. या कामाचं मोल सगळ्यांनी मान्य केलं, परिषदांमधून त्याचे गोडवे गायले, पण त्याचे पैसे कोणी द्यायचे हे आजवर नीट ठरलेलं नाही.

आधी आकडे. २०२४ च्या अखेरीस जगात सुमारे ४ कोटी ८ लाख माणसं एचआयव्हीसह जगत होती. त्यांतली जवळपास निम्मी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतली. जगभरातल्या बाधितांमध्ये बायका-मुली निम्म्याहून थोड्या जास्त. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत मात्र नव्या लागणींपैकी साठ टक्क्यांहून अधिक बायका-मुलींमध्ये होतात. जगाच्या बाकी बहुतेक भागांत चित्र उलटं आहे. वयानं बरेच मोठे जोडीदार, खाणींत आणि शहरांत कामाला गेलेले नवरे, शाळेच्या फीपासून मासळीच्या टोपलीपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी पुरुषावर अवलंबून राहणं, अशी त्याची कारणं आहेत. आणि ‘आफ्रिका’ म्हणताना जरा जपूनच बोललेलं बरं. सेनेगलमध्ये प्रौढांतलं लागणीचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे, तर इस्वातिनीत साधारण चार प्रौढांमागे एक जण बाधित. एकाच खंडात इतकी तफावत असल्यावर आधाराची गरज आणि तऱ्हा एकसारखी कशी असेल?

सुरुवात युगांडापासून करावी लागते. नोरीन कलीबा या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांचे पती ख्रिस्तोफर यांना रक्त चढवताना लागण झाली होती. शिक्षणासाठी ते इंग्लंडमध्ये असताना आजार कळला. तिथल्या रुग्णालयात त्यांना माणुसकीनं वागवलं गेलं, आणि मायदेशी परतल्यावर मुलागोत, म्हणजे जिथे पत्नी नोकरीला होती तिथेच, कर्मचारी खोलीत पाऊल टाकायला कचरत होते. जानेवारी १९८७ मध्ये ते गेले. त्याच वर्षी कलीबा आणि आणखी पंधरा जणांनी मिळून ‘टासो’ ही संस्था सुरू केली. त्यांतले बरेचसे स्वतः बाधित होते आणि पुढच्या काही वर्षांत एकामागून एक गेले. औषध असं काहीच हाताशी नव्हतं. तेव्हा आधार म्हणजे काय, तर एकत्र बसायचं, चहा घ्यायचा, जखमा धुवायच्या, घरी जाऊन अंथरूण बदलायचं. आणि ‘मरेपर्यंत जगायचं’ हे एकमेकांना बजावत राहायचं.

झिम्बाब्वेत ऑक्झिलिया चिमुसोरो यांनी १९८९ मध्ये आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्या देशात असं उघड बोलणाऱ्या त्या पहिल्याच समजल्या जातात. त्यांनी मास्विंगो भागात ‘बटानाई’ नावाचा गट उभा केला. शोना भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘एक व्हा’. १९९८ मध्ये त्या वारल्या. त्या पिढीतल्या पुढारी बायकांची चरित्रं वाचताना हे सतत जाणवतं, की संस्था जेमतेम बाळसं धरते न धरते तोच ती काढणारी निघून गेलेली असते.

युगांडाच्या बिएट्रिस वेरे यांची कहाणी आपल्याकडच्या वाचकाला फारशी परकी वाटणार नाही. १९९१ मध्ये नवरा गेला, त्यानंतर महिन्याभरात स्वतःलाही लागण असल्याचं कळलं, आणि सासरच्यांनी घर, मालमत्ता, मुलं यांवर हक्क सांगायला सुरुवात केली. विधवेला दिराच्या घरात ‘वारसानं’ नेण्याची चाल तिथल्या बऱ्याच समाजांत होती. वेरे यांनी नकार दिला, भांडल्या, आणि १९९२ मध्ये ‘नॅकवोला’ ही बाधित स्त्रियांची देशव्यापी संघटना उभी करण्यात पुढे राहिल्या. या संघटनेनं रुजवलेलं एक काम मला सगळ्यांत लक्षात राहण्याजोगं वाटतं, ते म्हणजे आठवणवह्या. मूळ कल्पना लंडनमध्ये राहणाऱ्या आफ्रिकी आयांबरोबर ‘बार्नार्डोज’ या मुलांच्या संस्थेनं केलेल्या कामातून आली. आई साध्या वहीत मुलासाठी लिहून ठेवते: तू कोणत्या दिवशी जन्मलास, पहिलं पाऊल कधी टाकलंस, तुझे आजोबा कोण, आपलं कूळ कोणतं, जमिनीची हद्द कुठून कुठे, आईला कोणता आजार आहे आणि ती गेल्यावर कोणाकडे जायचं. शेजारी चिकटवलेला एखादा फोटो, मुलानं रेघोट्या ओढलेलं पान. वरवर पाहता ही निरवानिरवच. पण वही लिहिता लिहिता मुलाला आजार सांगायला तोंड फुटे. आणि बापाचं नाव, कुळाचं नाव, जमिनीची खूण कागदावर आली, की उद्या काकानं पोरांना हुसकावलं तर हातात काहीतरी पुरावा राही. स्वीडिश लेखक हेनिंग मांकेल यांनी या वह्यांवर पुस्तक लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाला त्यांची माहिती झाली.

रवांडाची गोष्ट याहून कडू आहे. १९९४ च्या वंशसंहारात बलात्कार हे हत्यार म्हणून वापरलं गेलं. वाचलेल्या विधवांपैकी पन्नास जणींनी १९९५ मध्ये ‘अवेगा’ ही संघटना स्थापन केली. अत्याचार झालेल्या ज्या स्त्रियांची तिनं पुढे तपासणी करवली, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश बाधित निघाल्या. आणि मग उघड झालं, की वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या कोठडीत असलेल्या आरोपींना नियमानुसार एचआयव्हीची औषधं मिळत होती, साक्ष द्यायला येणाऱ्या बायकांना मात्र ती मिळत नव्हती. कायद्याच्या चौकटीत यात कोणाचंच काही चुकलेलं नव्हतं, हेच भयंकर.

औषधं १९९६ पासून श्रीमंत देशांत होती. वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. तो खाली कसा आला यात एक धागा थेट मुंबईत येतो. फेब्रुवारी २००१ मध्ये ‘सिप्ला’चे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात, देऊ केला. तिन्ही औषधं एकाच गोळीत बसवलेली ‘ट्रायोम्यून’ आफ्रिकेभर गेली. भारतात तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, म्हणून हे जमलं. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगावीच. पण गोळी स्वस्त झाल्यानं ती आपोआप बाईच्या तोंडात गेली नाही. मधलं अंतर पार करायला भांडण लागलं.

ते भांडण दक्षिण आफ्रिकेत सगळ्यांत जोरात झालं. डिसेंबर १९९८ मध्ये डरबनजवळच्या क्वामाशू वस्तीत गुगू डलामिनी या कार्यकर्तीचा जमावानं मारहाण करून जीव घेतला. जागतिक एड्स दिनाच्या सुमारास तिनं आपली लागण जाहीरपणे सांगितली होती. त्याच महिन्यात केप टाऊनमध्ये झॅकी अखमत आणि सहकाऱ्यांनी ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ ही चळवळ सुरू केली. ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं छातीवर ठळक छापलेले त्यांचे टी-शर्ट पुढे जगभर ओळखीचे झाले. बाधित असो वा नसो, सगळ्यांनी तो घालायचा, म्हणजे दगड कोणाला मारायचा हेच कळू नये. माध्यमांत चेहरा बहुतेकदा अखमत यांचा दिसे. शाखा मात्र चालत त्या वस्त्यांमधल्या, बहुतांशी बेरोजगार, काळ्या बायकांवर. शाळा अर्धवट सुटलेल्या या बायका सीडी फोर या प्रतिकारशक्तीच्या पेशी म्हणजे काय, कोणत्या गोळीनं पायाला मुंग्या येतात, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) कधी तपासायचा, हे शिकल्या आणि दवाखान्याच्या रांगेत बसलेल्यांना शिकवू लागल्या. राष्ट्राध्यक्ष म्बेकी तेव्हा एचआयव्हीमुळेच एड्स होतो का, यावरच शंका घेत होते आणि आरोग्यमंत्री लसूण-बीटरूटचे गुण सांगत होत्या. ५ जुलै २००२ रोजी घटना न्यायालयानं निकाल दिला, की गरोदर बायकांना नेविरापिन हे औषध सरकारी दवाखान्यांत मिळालंच पाहिजे. पुढे हार्वर्डच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा या टाळाटाळीत तीन लाखांहून अधिक जीव गेल्याचा अंदाज निघाला.

पश्चिम आफ्रिकेत याच काळात आधारगटांचं निराळं रूप दिसलं आणि ते फारसं सुंदर नव्हतं. विन-किम न्यूयेन या डॉक्टर-मानववंशशास्त्रज्ञानं बुर्किना फासो आणि कोत दीव्वारमधल्या अनुभवांवर २०१० मध्ये पुस्तक लिहिलं आहे. परदेशी संस्था कार्यशाळा घेत, बाधितांनी चारचौघांत मन मोकळं करावं म्हणून. औषधं थोडी आणि मागणारे फार. मग झालं असं, की ज्यांना आपली कहाणी परिणामकारक सांगता येई, त्यांच्या ओळखी वाढत, त्यांना परिषदेचं तिकीट मिळे आणि कधी औषधही. बुजरी बाई मागे राही. ‘तुमची गोष्ट सांगा’ हे वाक्य किती निरागस वाटतं! माझ्या मते आधारगटांविषयीच्या लेखनात हा मुद्दा वारंवार यायला हवा, कारण आजही देणगीदारांच्या अहवालातलं पहिलं पान एखाद्या बाईच्या फोटोसाठी आणि तिच्या दुःखासाठी राखून ठेवलेलं असतं.

नेविरापिनचा निकाल मोठा होता, तरी त्यात एक खोच होती. प्रसूतीच्या वेळी आईला एक गोळी आणि बाळाला एक डोस, एवढ्यानं बाळाला लागण होण्याची शक्यता निम्म्यावर येई. हे युगांडाच्याच मुलागो रुग्णालयातल्या चाचणीत १९९९ मध्ये दिसलं होतं. बाळ वाचलं. आईचं काय? तिला उपचार नव्हताच. कार्यक्रमांच्या नावातही ‘आईकडून बाळाला होणारी लागण’ असंच असे, जणू आई म्हणजे रोग येण्याची वाट. बऱ्याच स्त्री-संघटनांनी या नावालाच हरकत घेतली. २००२ नंतर ग्लोबल फंड आणि २००३ मध्ये जाहीर झालेला अमेरिकेचा ‘पेपफार’ कार्यक्रम आला, पैसा वाहू लागला, तेव्हा कुठे आयांचे उपचार सुरू झाले.

आणि याच सुमारास सोबतीला पहिल्यांदा पगार मिळाला. मिच बेसर हे अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ केप टाऊनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयात काम करत होते. नुकतंच ‘पॉझिटिव्ह’ कळलेल्या गरोदर बाईला आपण पाच मिनिटांत जे सांगतो ते तिच्या कानातही शिरत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याच दवाखान्यात बाळंत झालेल्या बाधित आयांना बोलावलं. २००१ मध्ये ‘मदर्स टू मदर्स’ सुरू झालं. या आयांना प्रशिक्षण देऊन ‘मेंटर मदर’ म्हणून नेमायचं आणि दरमहा वेतन द्यायचं, हे त्यातलं खरं वैशिष्ट्य. पुढे ही पद्धत दहाएक देशांत पोचली आणि दहा हजारांहून अधिक बाधित बायकांना तिनं रोजगार दिला. तपासणीच्या खोलीतून रडत बाहेर आलेल्या बाईला मेंटर मदर शेजारी बसवते आणि म्हणते, हे बघ, मलाही आहे, आणि हा माझा मुलगा, त्याला नाही. या दोन वाक्यांचं काम कुठल्याही भित्तिपत्रकानं होत नाही. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. औषधं नियमित घेतली तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. सगळं काही त्या ‘नियमित’वर अडतं.

किती अडतं, ते मलावीनं दाखवलं. २०११ मध्ये या गरीब देशानं धाडसी निर्णय घेतला. सीडी फोर मोजायची यंत्रं पुरेशी नव्हती, म्हणून मोजणीची वाटच पाहायची नाही. बाधित गरोदर बाई दिसली की त्याच दिवशी औषध सुरू, आणि तेही आयुष्यभरासाठी. उपचारावर येणाऱ्या गरोदर बायकांची संख्या सव्वा वर्षात कित्येक पटींनी वाढली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये हे धोरण उचललं आणि जगभर नेलं. पण नोंदवह्या तपासल्यावर दिसलं, की बाळाला लागण होऊ नये म्हणून गरोदरपणी औषध सुरू केलेल्या बायका पहिल्या भेटीनंतर पुन्हा न फिरकण्याचं प्रमाण, आजारी पडून उपचाराला आलेल्यांच्या मानानं, पाचपट होतं. त्यात नवल ते काय? सकाळी गरोदरपणाची तपासणी करायला आलेली, काहीही त्रास नसलेली बाई, दुपारी जन्मभराच्या गोळ्या घेऊन घरी जायची. नवऱ्याला काय सांगणार? मग मलावीतच चाचणी झाली. काही केंद्रांवर नेहमीची सेवा, काहींवर सोबतीला बाधित आया, दवाखान्यात किंवा गावात. दोन वर्षांनी नेहमीच्या सेवेत साधारण दोन तृतीयांश बायका उपचारावर टिकल्या होत्या. सोबत मिळालेल्यांत ऐंशी टक्क्यांच्या आसपास. गोळी दोन्हीकडे तीच होती.

मोझांबिकच्या टेटे प्रांतात दवाखाना गाठायला दिवस मोडे. तिथे २००८ मध्ये सहा-सहा जणांचे गट केले गेले. दर महिन्याला एकानं जायचं, स्वतःची तपासणी करून घ्यायची आणि सगळ्यांच्या गोळ्या घेऊन यायच्या. पुढच्या महिन्यात दुसऱ्याची पाळी. म्हणजे वर्षात प्रत्येकाच्या वाट्याला दोनच खेपा. केप टाऊनच्या खायेलित्शात २००७ पासून पंचवीस-तीस जणांचे क्लब भरू लागले. दोन महिन्यांतून एकदा जमायचं, वजन करायचं, विचारपूस, आधीच भरून ठेवलेली गोळ्यांची पुडी घ्यायची आणि तासाभरात मोकळं. चाळीस महिन्यांनंतर क्लबातले ९७ टक्के उपचारावर होते, दवाखान्याच्या रांगेतले ८५ टक्के. क्लबात आधीपासून नेमानं येणारेच घेतले जात, हे या आकड्यांबरोबर सांगायला हवं.

मनाच्या आजाराकडे लक्ष जायला फार उशीर झाला. हरारेतले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्ण मुलीनं जीव दिला. रुग्णालयापर्यंत यायला तिच्याकडे बसभाडं नव्हतं. देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चिबांडांनी २००६ मध्ये म्बारे वस्तीतल्या आजीबाईंना शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक टाकले. नैराश्य हा शब्द तिथे कोणी वापरत नाही. बायका म्हणतात, ‘कुफुंगिसिसा’ झालंय, म्हणजे विचार करकरून डोकं फुटायची वेळ. आजी ऐकते, आणि मग दोघी मिळून अनेक अडचणींतली एकच निवडतात, आजच्या आज हात घालता येईल अशी. चोवीस दवाखान्यांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. भाग घेणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या आणि चाळीस टक्क्यांहून अधिक जण एचआयव्हीबाधित. सहा महिन्यांनी नेहमीची सेवा मिळालेल्यांतल्या निम्म्या जणांना लक्षणं होतीच. बाकावर बसलेल्यांत फक्त १४ टक्क्यांना. त्याच देशात ‘झ्वांदिरी’ या उपक्रमात बाधित तरुण-तरुणीच आपल्याहून लहान बाधित मुलामुलींच्या घरी जातात. तिथेही चाचणीत फरक दिसला: विषाणू आटोक्यात नसलेली किंवा दगावलेली मुलं सोबत मिळालेल्यांत २५ टक्के, इतरांत ३६.

पैशाचं गणित याहून गुंतागुंतीचं. आधारगट जमला की काही महिन्यांत त्याची भिशी होते, हे आफ्रिकेतही तसंच. केनियात तिला ‘चामा’ म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत ‘स्टॉकवेल’, झिम्बाब्वेत ‘मुकांडो’. कोंबड्या, भाजीचा मळा, शिवणयंत्र, अंत्यविधीचा खर्च, सगळं त्यातून. पण उत्पन्न वाढलं की तब्येत सुधारते, हे समीकरण मात्र सरळ नाही. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातल्या ‘इमेज’ प्रयोगात लघुकर्जाबरोबर बायकांच्या हक्कांवर चर्चा घेतल्या गेल्या. नवऱ्याकडून होणारी मारहाण निम्म्याहून खाली आली, पण लागणीच्या आकड्यांत फरक दिसला नाही. पश्चिम केनियात बाधित शेतकऱ्यांना पाण्याच्या पंपासाठी कर्ज आणि शेतीचं शिक्षण देऊन पाहिलं. घरात अन्न वाढलं, उदासी कमी झाली. विषाणूच्या पातळीवर मात्र वेगळा परिणाम नाही. असे निकाल आले की देणगीदार ‘प्रयोग फसला’ म्हणतात. बाईनं मार खाल्ला नाही आणि पोरं पोटभर जेवली, याला फसणं म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे.

संघटित झालेल्या बायका नंतर कोर्टाची पायरी चढल्या. नामिबियात ‘आयसीडब्ल्यू’ या बाधित स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं तरुण बायकांच्या बैठका घेतल्या, तेव्हा एकीमागून एक सांगू लागली, की बाळंतपणाच्या वेळी आपली नसबंदी केली गेली आणि ती आपल्याला नंतर कळली. तीन जणींचा खटला उभा राहिला. सह्या होत्या, पण त्या कळा सुरू असताना घेतलेल्या. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बायकांच्या बाजूनं निकाल दिला: अशा अवस्थेतली सही म्हणजे संमती नव्हे. एचआयव्ही होता म्हणूनच हे केलं, हे मात्र न्यायालयात सिद्ध झालेलं धरलं गेलं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या लिंगसमानता आयोगानं २०२० मध्ये अशाच ४८ बायकांच्या तक्रारींवर अहवाल दिला. मलावीत एका बाधित बाईला दुसरीच्या बाळाला अंगावर पाजल्याबद्दल सक्तमजुरीची शिक्षा झाली होती. उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तिला सोडलं. झिम्बाब्वेनं लागण ‘देणं’ हा गुन्हा २०२२ मध्ये कायद्यातून काढून टाकला. हे कायदे आले तेव्हा बायकांचं संरक्षण असं त्यांचं समर्थन केलं जाई. गरोदरपणात पहिली तपासणी होते ती बाईची, म्हणजे घरात आधी ‘कळतं’ तिला आणि आरोपीही तीच होते, हा साधा हिशेब कायदा करताना सुचला नव्हता.

२०१८ मध्ये आणखी एक प्रसंग घडला. डोल्युटेग्रॅव्हिर हे नवं, सोसायला सोपं औषध स्वस्तात उपलब्ध झालं होतं. बोट्स्वानातल्या एका पाहणीत गर्भधारणेच्या वेळी ते घेणाऱ्या काही बायकांच्या बाळांत मज्जारज्जूचा दोष आढळला. लगेच कित्येक देशांनी मूल होण्याच्या वयातल्या सगळ्याच बायकांना ते नाकारलं किंवा गर्भनिरोधकाची अट घातली. पुरुषांना नवं औषध, बायकांना जुनं. जुलैमध्ये रवांडाच्या किगालीत अनेक आफ्रिकी देशांतल्या बाधित बायका जमल्या आणि त्यांनी निवेदन काढलं: धोका किती ते आम्हाला सांगा, निर्णय आमचा आम्ही घेऊ. पुढच्या वर्षी अधिक माहिती आली, धोका समजला होता त्याहून बराच कमी निघाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध सगळ्यांसाठी सुचवलं. नोरीन कलीबांच्या चहाच्या बैठकीपासून या निवेदनापर्यंतचा प्रवास तीस वर्षांचा.

आता मूळ प्रश्नाकडे. हे सगळं काम करणाऱ्यांच्या हातात काय पडलं? पहिली पंधरा-वीस वर्षं काहीच नाही. घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या बायका स्वतः बाधित, स्वतः उपाशी, आणि कामाला नाव ‘स्वयंसेवा’. अनाथ नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या तर हिशेबातच नव्हत्या. खायेलित्शात २००१ मध्ये त्यांनी स्वतःचे गट काढले तेव्हा त्या थोड्या दिसू लागल्या. पेपफारचा पैसा आला तेव्हा मानधन सुरू झालं, पण ते प्रकल्पाचं. मेंटर मदर बहुतेक देशांत सरकारी पटावर नव्हती. तिचा पगार वॉशिंग्टनहून निघे, एका संस्थेच्या हातून दुसरीच्या हाती जाई आणि वर्षावर्षाच्या करारावर तिच्यापर्यंत पोचे. सरकारांना ते सोयीचं होतं. यशाचे आकडे आपले, पगाराची जबाबदारी दुसऱ्याची.

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली. गोळ्यांच्या पुरवठ्याला काही दिवसांत सूट दिली गेली, निदान कागदावर. पण आधारगट चालवणारे, घरी जाणारे, तारीख चुकलेल्यांचा माग काढणारे यांतले कित्येक एका ईमेलनं घरी बसले. दक्षिण आफ्रिका आपल्या एचआयव्ही कार्यक्रमाचा सहाव्या हिश्श्याइतकाच पैसा अमेरिकेकडून घेत होती, तरीही तिथे हजारोंनी नोकऱ्या गेल्या. किशोरवयीन मुलींसाठी पंधरा देशांत चाललेल्या ‘ड्रीम्स’ उपक्रमाचा गाशा गुंडाळला गेला. पैसा आटला की सगळ्यांत आधी ‘सोबत’ तुटते, कारण अंदाजपत्रकात ती औषधाच्या रकान्यात नसते.

युगांडाच्या आरोग्य मंत्रालयानं त्यानंतर काही आठवड्यांतच स्वतंत्र एचआयव्ही केंद्रं बंद करून रुग्णांना सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागात सामावून घ्यायला सांगितलं. याची दुसरी बाजूही आहे. वेगळं केंद्र म्हणजे वेगळी ओळख, आणि त्या दारातून आत जाताना कोणी पाहिलं तर फुकटचा बोभाटा. मलेरिया, मधुमेहाच्या रुग्णांबरोबर एकाच रांगेत बसणं पुष्कळ जणींना हवंच होतं. एचआयव्ही असलेल्या बायका आता पन्नाशी-साठीला पोचताहेत, त्यांना रक्तदाब आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी हवी आहे, आणि जुन्या केंद्रांत यातलं काही धड होत नव्हतं. पण मोठ्या रांगेत नर्सला एका रुग्णामागे काही मिनिटं मिळतात. गोळ्या संपायच्या तारखेला एखादी आली नाही, तर जुन्या केंद्रात दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिच्या दाराशी जाई, आणि जाणारी स्वतः त्याच गोळ्या घेत असल्यानं शेजारणींना काय सांगायचं हे तिला ठाऊक असे. नव्या व्यवस्थेत हे काम कोणाचं, आणि त्याचा पगार जिल्ह्याच्या आरोग्य खात्याच्या कोणत्या पदावर पडणार, हे त्या त्या देशाच्या अर्थमंत्रालयाला आता ठरवायचं आहे.